अपूर्णांक आला की रडारड, म्हणजे डिस्कॅल्क्युलियाच का?

सहावीतल्या मुलीला घेऊन एक आई आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत). बेरीज, वजाबाकी, पाढे सगळं चांगलं, पण पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचं अंशाधिक (अंश छेदापेक्षा मोठा असलेला अपूर्णांक) करायला सांगितलं की वही मिटून रडारड, आणि नेटवर वाचून आईंनी डिस्कॅल्क्युलिया (संख्या आणि गणित समजण्यातली मुळातली अडचण) ठरवून पण टाकलेला.

मी तिला २ पूर्णांक ३/४ लिहून दिलं. तिनं पुटपुटत केलं, चार दुणे आठ, आठ अन् तीन अकरा, ११/४. बरोबर! पुढच्याच गणितात मात्र छेदाला अंशानं गुणून त्यात पूर्णांक मिळवला आणि चुकलंय हे तिला कळलंच नाही. मग मी ११/४ वर बोट ठेवून विचारलं, हा एकापेक्षा मोठा की लहान? बराच वेळ गप्प, मग हळूच म्हणाली, "पण चार भागांतले अकरा कसे घेणार?"

मला विचाराल तर हा डोकं चालवणाऱ्या मुलीचा प्रश्न आहे. एक गोल, चार भाग, त्यातले तीन रंगव, एवढंच चित्र डोक्यात असेल तर ११/४ त्यात बसतच नाही, मग उरते ती पाठ केलेली रीत, आणि ती घाबरल्यावर उलटसुलट होतेच.

गुणाकार बाजूला ठेवला आणि सारख्या लांबीच्या कागदी पट्ट्यांचे घड्या घालून चार चार सारखे भाग केले आणि नुसतं मोजायला लावलं. एक चतुर्थांश, दोन चतुर्थांश, चार झाले की एक पट्टी पूर्ण, पण थांबायचं नाही, पाच चतुर्थांश, सहा... अकराला दोन पट्ट्या पूर्ण आणि तिसरीचे तीन भाग. "अच्छा, आठ इथून आले होय!" उलटं करताना ११ भागिले ४, भागाकार २, बाकी ३, हे तर तिनंच सांगितलं.

आईंना एवढंच सांगितलं की डिस्कॅल्क्युलियात अडचण एका धड्यापुरती नसते, लहान मोठी संख्या ओळखणं, साधी बेरीज इथपासूनच ती वर्षानुवर्षं दिसते, तसं वाटलं तर तज्ज्ञांकडून रीतसर तपासणी करायची, नेटवरून नाही. हिच्या बाबतीत मला तसं काही दिसलं नाही. आणि घरी घड्याळ लावून गणितं सोडवून घेणं आधी बंद करा.

नंतर तिनं ३ वजा १ पूर्णांक २/५ असं केलं: १५/५ वजा ७/५, उत्तर ८/५. आईंचं लगेच, १ पूर्णांक ३/५ का नाही लिहिलंस? अहो, किंमत तीच आहे, प्रश्नात मागितलं नसेल तर राहू दे की.