वाचकांचे प्रश्न : चीनची सहल, इन्सुलिन आणि गुडघे

प्रश्न : आम्ही दोघं (वय 67 आणि 63) ऑक्टोबरमध्ये बीजिंग, शिआन, शांघाय करतोय. ह्यांना मधुमेह, दिवसाला चार वेळा इन्सुलिन. माझे गुडघे जिने चढू देत नाहीत. काय सांभाळावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी तारखा बघा. 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा तिथे राष्ट्रीय सुट्टीचा असतो आणि रांगेत उभं राहण्यातच दिवस जातो. दहा तारखेनंतर निघा.

इन्सुलिन लागेल त्याच्या दुप्पट घ्या आणि दोघांच्या हातातल्या बॅगांत निम्मं निम्मं ठेवा. चेक-इनच्या सामानात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं पुन्हा वितळलं तरी फेकूनच द्यायचं. वापरात असलेलं बहुतेक पेन 30 अंशांखाली सुमारे 28 दिवस फ्रिजशिवाय टिकतं. नेमके दिवस खोक्यावर असतात. न उघडलेलं हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवाल, तर मागच्या भिंतीला टेकवू नका. दारातलं की-कार्ड काढलं की काही खोल्यांत फ्रिजही बंद पडतो, हेही तपासा. चिनी घड्याळ आपल्यापुढे अडीच तास आहे. रात्रीचा डोस कधी सरकवायचा ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. औषधांच्या चिठ्ठीवर जेनेरिक नावं इंग्रजीत टाइप केलेली हवीत.

खरी गडबड होते ती चालण्यात आणि जेवणात. बीजिंगचा राजवाडा (फॉरबिडन सिटी) दक्षिणेच्या दारातून आत, उत्तरेच्या दारातून बाहेर असा एकाच दिशेने बघतात. सरळ रेषेतच ते अंतर जवळजवळ एक किलोमीटर. आजूबाजूची दालनं धरली की पायपीट बरीच वाढते. एवढं चालल्यावर साखर उतरते. त्यात हॉटेलात पदार्थ एकेक करून येतात आणि भात बऱ्याचदा सगळ्यांत शेवटी. म्हणून जेवणाआधीचं इन्सुलिन ताट समोर आल्याशिवाय घेऊ नये, आणि भात आधी आणायला फोनवरचं भाषांतर दाखवून सांगावं. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या हव्यातच : साखर 70 च्या खाली गेली की 15 ग्रॅम, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. राजवाडा सोमवारी सहसा बंद असतो. तिकीट पासपोर्ट नंबरावर आधीच काढावं लागतं.

चीनच्या भिंतीसाठी बीजिंगजवळचा मुतिआन्यू हा भाग निवडा. केबल कार थेट 14 व्या बुरुजापाशी पोचवते. तिथून पुढे पायऱ्या उंच-सखल आहेत, त्यामुळे बुरुजाच्या आसपासच थांबा. देखावा तिथूनही पुरेसा आहे.

प्रश्न : मध्येच बिघडलं तर?

उत्तर : रुग्णवाहिकेचा नंबर 120. फोनवर चिनी बोलावं लागेल, म्हणून तो हॉटेलच्या काउंटरवरून करवा. रुग्णालयात आधी नोंदणी आणि पैसे, मग तपासणी. भरती करताना अनामत मागतात. पासपोर्ट जवळ हवा, फोनवर अलीपे किंवा वीचॅट पे (पैसे देण्याची तिथली ॲप) आधीच कार्डाशी जोडलेलं हवं. विम्यात ‘आधीपासूनचा आजार’ धरलाय का, हे पॉलिसीतच वाचा. एजंटच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. प्रत्येक पावती जपा. तिथे साखर मिलिमोलमध्ये लिहितात, तो आकडा 18 ने गुणा : 7 म्हणजे आपले 126. उलट्या-जुलाब झाले तर रात्रीचं इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका. मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या अशा वेळी थांबवायच्या का, ते निघण्याआधीच विचारून ठेवा.

प्रश्न : जाताच आहोत तर ल्हासाही जोडावं का?

उत्तर : या खेपेला नको. उंची सुमारे 3,650 मीटर आहे, आणि वेगळा परवाना काढावा लागतो तो निराळाच.