शाब्बास म्हटल्याने हात सुधारतो का?

प्रश्न : ताई, माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, ६७ वर्षांचे आहेत. द्राक्षबागायतदार. आठ महिन्यांपूर्वी मेंदूत गुठळी होऊन त्यांची उजवी बाजू गेली. आता डाव्या हातात काठी धरून चालतात. उजवं मनगट आणि बोटं थोडी उघडतात, पण जेवण, दाढी, मोबाईल सगळं डाव्या हाताने. आम्ही रबरी चेंडू दाबून घेतो. नातवंडं दर वेळी टाळ्या वाजवून "शाब्बास आबा" म्हणतात. आधी ते हसायचे, हल्ली चिडतात. चुलतभाऊ म्हणतो, सहा महिन्यांनंतर मेंदू शिकत नाही, आता मेंदूतलं डोपामाइन हे रसायन वाढवणाऱ्या गोळ्याच द्या. काय करावं?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : आबा चिडतात ते बरोबरच आहे. त्या टाळ्यांतून त्यांच्या मेंदूला नवं काही कळत नाही.

स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबुर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूत डोपामाइन सोडणाऱ्या पेशींचे संदेश नोंदवले. अचानक रसाचा थेंब तोंडात पडला की या पेशी जोरात चेतायच्या. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, की त्या दिव्यालाच चेतायच्या आणि रस आला तरी फारशी दखल घ्यायच्या नाहीत. दिवा लागूनही रस आला नाही, तर तो यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी मंदावायच्या. १९९७ मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याची संगती लावली : अपेक्षा काय होती आणि मिळालं काय, यातला फरक या पेशी कळवतात आणि त्या फरकावर शिकणं चालतं. हात हलला तरी शाब्बास, नाही हलला तरी शाब्बास, मग फरक राहिला कुठे?

हाच नियम उलटाही लागू पडतो. पक्षाघाताच्या झटक्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत उजव्या हाताने पेला धरला की सांडतो, डाव्याने धरला की काम होतं. मेंदू हेही मन लावून शिकतो आणि उजवा हात सोडून देतो. एडवर्ड टॉब यांनी एका हाताची संवेदना गेलेल्या माकडांत हे पाहिलं : चांगला हात बांधून ठेवला, तर टाकलेला हात ती पुन्हा वापरू लागली. आबांचं मनगट आणि बोटं उघडतात, तरी हात मांडीवर पडून राहतो, यात मला हेच दिसतं. आणि म्हणूनच मला आशा वाटते.

चेंडू मात्र आजच काढून ठेवा. घरोघरी तो दिला जातो आणि मला तो मुळीच पटत नाही. आबांना मूठ आवळायला शिकायचं नाही, बोटं उघडायला शिकायचं आहे. शिवाय चेंडू दाबून हाती काय लागतं?

१९९६ मध्ये अमेरिकेत रँडॉल्फ न्यूडो यांनी मेंदूतल्या हाताच्या भागाला इजा झालेल्या माकडांना लहान-मोठ्या खळग्यांतून खाऊचे दाणे वेचायला लावले. सराव न मिळालेल्या माकडांत इजेच्या शेजारचा हाताचा भागही आक्रसत गेला होता. सराव मिळालेल्यांत तो टिकला, काहींत तर कोपर-खांद्याच्या हद्दीत पसरला. या फेरबदलांत डोपामाइनचाही हात असू शकतो. २००१ मध्ये उंदरांना एक ठरावीक स्वर ऐकवताना डोपामाइनच्या पेशींना विजेने चेतवलं, तर श्रवणाच्या भागात त्या स्वराची जागा वाढलेली आढळली.

तुमच्या गावात बेदाणे आहेत आणि घरात अप्पेपात्र असेलच. आबांना टेबलाशी बसवा, पात्राच्या खळग्यांत एकेक बेदाणा ठेवा आणि उजव्या हाताने उचलून खाऊ द्या. (मधुमेह असेल किंवा गिळताना ठसका लागत असेल तर बेदाण्याऐवजी मणी किंवा नाणी घ्या, ती डब्यात टाकायची.) अजिबात जमत नसेल तर आधी पसरट ताटलीत ठेवा. बहुतेक जमतंय पण अधूनमधून निसटतंय, अशी पातळी मला हवी. सगळेच बेदाणे सहज निघू लागले की काम अवघड करा : छोटी वस्तू, खोल वाटी, मग देठ खुडणं, मग द्राक्षघड विरळायची कात्री. नातवंडांना टाळ्यांऐवजी हिशेब ठेवू द्या. कालपेक्षा दोन जास्त निघाले, तर ते आबांना लगेच, आकड्यासकट सांगायचं.

सहा महिन्यांच्या मुदतीचा मला मनापासून राग येतो. तिच्यामुळे कित्येक घरांत व्यायाम थांबतो. सुरुवातीचे महिने सर्वांत वेगाचे असतात हे खरं, पण तिथे दार बंद होत नाही. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत झटक्यानंतर ३ ते ९ महिने झालेले २२२ रुग्ण होते. ज्यांना चांगल्या हातात जाड मोजा घालून दोन आठवडे कमकुवत हाताने कसून काम करायला लावलं, त्यांचा हात नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारला आणि वर्षभरानंतरही तो फरक टिकून होता. मनगट आणि बोटं थोडी तरी उघडणारेच रुग्ण त्यात घेतले होते, म्हणजे आबांसारखे. मोजा घालायचा का आणि किती वेळ, हे तुमच्या थेरपिस्टला आबांचा हात तपासून ठरवू द्या. आबांची काठी डाव्या हातात असते, तेव्हा उठताना, चालताना मोजा काढलेलाच हवा. खांदा दुखू लागला तर त्या दिवशी थांबा.

आता गोळ्या. ब्रिटनमध्ये ५९३ रुग्णांना झटक्यानंतरच्या व्यायामासोबत डोपामाइन वाढवणारं लेवोडोपा किंवा नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी दिली. २०१९ मध्ये निकाल आला : चालण्यात काही फायदा नाही. मला वाटतं, डोपामाइन नेमक्या क्षणी, नेमक्या हालचालीसाठी लागतं, नुसतं गोळीने वाढवून ते काम होत नसावं. चुलतभावाला हे सांगा आणि जाहिरातीतली कुठलीही गोळी परस्पर सुरू करू नका. रक्तदाबाची आणि रक्त पातळ ठेवणारी जी औषधं डॉक्टरांनी दिली असतील, ती मात्र एकही दिवस चुकवू नका. पुढचा झटका टाळण्यासाठीच ती असतात.