बटण बंद, तरी आरसीसीबी पडते

प्रश्न: महिनाभर झाला, घरातली आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा मेनजवळचा खटका) मधूनच पडते. बहुतेक वेळा इस्त्री लावली की. इस्त्री तपासून घेतली, ती चांगली आहे. वायरमनने आरसीसीबी नवी बसवली, तरी तेच. आता तो म्हणतो, ती काढून वायर थेट जोडून देतो. जोडू द्यावी का?

उत्तर: नाही ताई, अजिबात नको. नवीही पडते आहे, म्हणजे जुनी खरंच सांगत होती. घरात कुठेतरी करंट गळतो आहे.

आरसीसीबीच्या पोटात एक कडं असतं आणि फेज, न्यूट्रल दोन्ही त्यातून जातात. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तितकाच परत आला, तर ती गप्प बसते. कमी आला, तर उरलेला भलत्याच वाटेने जमिनीत चालला आहे. ती वाट कधी ओली भिंत असते, कधी माणसाचं अंग. घरातली आरसीसीबी सहसा ३० मिलिअँपिअरची असते. गळती ३० ला पोचली की ती पडायलाच हवी, १५ च्या पुढे कधीही पडू शकते. १६ अँपिअरची एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. अंगातून जीव घेण्याइतका करंट गेला तरी तिला पत्ता लागत नाही. आरसीसीबी काढलीत तर गळती तशीच राहील, फक्त कळणार नाही.

आता इस्त्रीचं. मला वाटतं ती बिचारी निर्दोष आहे. मी बत्तीस वर्षं हे काम करतो, आणि अशाच एका घरी दोन दिवस इस्त्री आणि मिक्सर उघडून बसलो होतो. दोष निघाला गिझरमध्ये, आणि त्याचं बटण तर बंद होतं! एलिमेंटच्या नळीला न्यूट्रलच्या टोकाजवळ चीर जाऊन आतल्या भुकटीत पाणी शिरलं होतं. बटण तोडतं फक्त फेज. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. तो गिझरच्या अंगाला, म्हणजे अर्थिंगला टेकला होता. घरात भार कमी असेपर्यंत काही होत नसे. इस्त्रीसारखा मोठा भार आला की परतीचा थोडा करंट अर्थिंगच्या वाटेने निघून जाई, आणि आरसीसीबी पडे.

म्हणून नुसती बटणं बंद करून शोधू नका. मेन बंद करा, कोरड्या हाताने सगळ्या पिना सॉकेटमधून काढा, मग आरसीसीबी उचलून फक्त इस्त्री लावा. टिकली, तर इस्त्री चालू ठेवून एकेक पिन परत घाला, त्या त्या सॉकेटचं बटण बंदच ठेवून. जी घालताच पडेल, ते यंत्र दोषी. गिझर पिनेशिवाय थेट जोडलेला असेल, तर वायरमनकडून त्याचा न्यूट्रलही सोडवून घ्या.

इस्त्री सोडून सगळ्या पिना बाहेर असूनही पडली, तर दोष भिंतीतल्या वायरिंगचा. मग न्यूट्रल पट्टीवरून सोडवून प्रत्येक सर्किट ५०० व्होल्टच्या मेगरने (वायरचं आवरण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या यंत्राने) अर्थिंगशी तपासायला सांगा. एक मेगओहमच्या खाली आकडा आला, की ती वायर सापडली. इन्व्हर्टर असेल तर त्याचा न्यूट्रल आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रलमध्ये मिसळलाय का, हेही बघायला लावा. हा घोळ मला वारंवार दिसतो.

प्रश्न: टेस्टचं बटण दाबलं की आरसीसीबी पडते. म्हणजे आमचं अर्थिंग ठीक आहे ना?

उत्तर: त्यावरून ते कळत नाही. ते बटण आरसीसीबीच्या आतल्याच एका रेझिस्टरमधून करंट सोडतं, त्याला अर्थिंग लागत नाही. आतला खटका अडकलेला नाही, एवढंच त्यातून समजतं. तरी दर काही महिन्यांनी ते जरूर दाबा. अर्थिंग मात्र वेगळं मोजून घ्या. ते नसेल, तर बिघडलेल्या यंत्राच्या पत्र्यात करंट तसाच राहतो आणि कुणी हात लावेपर्यंत आरसीसीबी पडत नाही. पडते, पण झटका आधी बसतो. आणि एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल आला, तर तिच्या लेखी तो साधा भारच असतो. तेव्हा ती पडेल असं समजू नका.