वजन आजचं, उंची गेल्या वर्षीची

"माझी मुलगी बारा वर्षांची आहे. वजन 46 किलो. उंची 144 सेंटिमीटर, गेल्या वर्षी शाळेत मोजली होती. फोनवर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) काढला तर 22.2 आला, खाली 'वजन जास्त' असं लिहिलेलं. महिनाभर तिचं रात्रीचं जेवण निम्म्यावर आणलंय. ती चिडचिड करते, उपाशीच झोपते. मी फार कठोर वागतेय का?"

ताई, कठोरपणाचं नंतर बघू. 'गेल्या वर्षी मोजली होती' हे तुम्ही इतक्या सहज कसं लिहून गेलात? या वयात मुली वर्षभरात सात-आठ सेंटिमीटर वाढू शकतात. बीएमआय काढताना किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागतात, त्यामुळे उंची थोडी चुकली तरी उत्तर बरंच चुकतं. समजा, ती आज 152 सेंटिमीटर आहे. मग त्याच 46 किलोंचा बीएमआय 19.9 येतो. मुलांचा आकडा वयाच्या आणि मुलगा-मुलगी वेगळ्या तक्त्यावर बघतात: 5 ते 85 पर्सेंटाइलच्या मधे असेल तर वजन ठीक. पर्सेंटाइल म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलींपैकी कितींचा बीएमआय तिच्यापेक्षा कमी, तो क्रम. 22.2 ला बारा वर्षांची मुलगी 85 च्या वर जाते, 19.9 ला नाही. म्हणजे महिनाभर तुमची लेक कदाचित एका जुन्या आकड्यापायी उपाशी झोपतेय. मला याचा राग येतो, आणि तिची फार काळजी वाटते.

पाळी सुरू होण्याच्या आसपास मुलींचं अंग भरतं. ते व्हायलाच हवं. त्यात हाडं वाढतायत, आणि तुम्ही नेमकं जेवण तोडलंत.

आजच उंची मोजा. अनवाणी, वेणी सोडून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक आडवं धरा, पेन्सिलीने खूण करा, मग टेपने मोजा. आकडा काहीही येवो, आज रात्री तिला पोटभर वाढा. नव्या उंचीनेही बीएमआय 85 पर्सेंटाइलच्या वर आला, तर शाळेतल्या जुन्या नोंदी घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे जा. एका आकड्यावरून निदान होत नाही. ते वाढीचा आलेख बघतील. वाढत्या मुलांचं वजन बहुतेकदा उतरवायचंही नसतं, आहे तिथे राखलं की उंची त्याला गाठते.

आणि जेवण का कमी केलं होतं, ते तिला खरं सांगा. चूक तिची नव्हती, हे तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या.