हॉटेलं चारला बंद, दुकानं रात्रीपर्यंत चालू, असं का होतं?

कोविडच्या निर्बंधांत ऑगस्ट २०२१ मधे दुकानं रात्रीपर्यंत आणि हॉटेलं मात्र चारलाच बंद असं का, नियम सारखे कशावरून बदलायचे, असं विचारलंय तुम्ही, तुमच्या काकांच्या हॉटेलवरून. मुलुंडला आमचं परमिट रूम आहे, सगळं भोगलंय म्हणून लिहितो.

७ जूनपासून राज्याने पाच लेव्हल केल्या, त्या ठरायच्या पॉझिटिव्हिटी रेट (शंभर चाचण्यांत किती बाधित निघाले) आणि ऑक्सिजन बेड किती भरलेत यावर. तुम्ही धंदा किती जपून करता याचा काही संबंधच नाही. लेव्हल दोनला हॉटेलं ५० टक्के गिऱ्हाईक बसवून नेहमीच्या वेळेत चालू, लेव्हल तीनला सोमवार ते शुक्रवार चारपर्यंत आणि पुढे पार्सल. ठाणे पालिका दोनमधे, मुंबई तीनमधे, म्हणजे मुंबई-ठाण्याच्या हद्दीवरच्या चेकनाक्याच्या पलीकडे लोक रात्री जेवतायत आणि अलीकडे आम्ही शटर ओढतोय, गिऱ्हाईक रिक्षा करून पलीकडे जाणारच ना! मग २५ जूनला डेल्टा प्लस या नव्या विषाणू-प्रकारामुळे तीनपेक्षा सैल कुणालाच नाही असं ठरलं, मुंबईचे आकडे सुधारूनही उपयोग शून्य.

ऑगस्टमधे मुंबईतल्या दुकानांना तर दहापर्यंत मिळाले, आम्हाला तेच चार. जेवताना मास्क काढावा लागतो, बंद एसी हॉलमधे हवा खेळत नाही, हे कारण खोटं नव्हतं. पण दुपारी मास्क काढलेला चालतो आणि रात्री नाही, हे मला आजही पटत नाही. आणि बारमधे सातच्या आधी येतंय कोण?

१५ ऑगस्टपासून रात्री दहा झाले पण खरी गोची पुढेच होती, स्टाफचे दोन्ही डोस होऊन वर १४ दिवस झालेले पाहिजेत. आता हिशोब करा, कोविशील्डमधे ८४ दिवसांचं अंतर, म्हणजे पहिला डोस ९ मेच्या आत घेतलेला हवा, आणि १८ ते ४४ वाल्यांना लस सुरू झाली १ मेला, तीही साठा नाही म्हणून १२ मेपासून राज्याने थांबवली. माझे वेटर सगळे विशी-पंचविशीतले. परवानगी हातात, टेबल पुसून तयार, आणि वाढायला मी आणि चाळिशी उलटलेला एक कुक.

जानेवारी २०२२ मधे परत ५० टक्के, परत दहा, वर दाराबाहेर क्षमता किती आणि आत्ता आत किती याचा बोर्ड. आमचा वॉचमन खडूने आकडा लिहायचा आणि बाहीने पुसायचा, शनिवारी त्याची बाही पांढरीफेक असायची.

बाकी जिल्ह्यांचं वेळापत्रक वेगळं होतं, तुमच्या काकांचं हॉटेल कुठल्या पालिकेत ते सांगा, मग नक्की सांगता येईल.