नऊ दाबलं तरी गेट उघडेना

या खेपेला आलेल्या पत्रांत कूलरचं एक, इन्व्हर्टरची दोन आणि गेटावरच्या फोनची चार. कूलर-इन्व्हर्टरवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी. गेटाचा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. निम्मी उमर टेलिफोनच्या खांबावर गेली, उरलेली आता गेटाच्या खांबाशी चालली आहे.

प्रश्न : आमची २४ फ्लॅटची सोसायटी. पाडव्याला गेटावर टेलिफोन एंट्री सिस्टीम बसवली. पाहुण्यानं डब्यावर फ्लॅटचा कोड दाबला की घरच्या मोबाइलला रिंग जाते, बोलून ९ दाबलं की बारकं गेट उघडतं, असं सांगण्यात आलं होतं. प्रत्यक्षात सात-आठ फ्लॅटना रिंगच जात नाही, 'नंबर तपासा' म्हणून बाई बोलते. ज्यांना जाते त्यातल्या काहींच्या ९ ला गेट दाद देत नाही. आम्ही वर बसून नऊ दाबायलोत अन् पाहुणे खाली घामाघूम. लाइन लँडलाइनची आहे. बसवणारा आता फोन उचलेना. — सोसायटीचे सचिव, नांदेड

उत्तर : सचिवसाहेब, तुमच्या गेटाला दोन वेगळे आजार आहेत, एका गोळीनं बरे व्हायचे नाहीत.

आधी रिंगचं. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावायचा तर पुढं ० लावावाच लागतो. मोबाइलवरून मोबाइलला लागत नाही, म्हणून कुणाच्या हे ध्यानातच राहिलेलं नाही. तुमची यादी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून उतरवून घेतली असणार. कुणी नुसते दहा आकडे टाकले, कुणी जुन्या सवयीनं ० सकट. बसवणाऱ्या पोरानं जसे आले तसे भरले. शून्यवाल्यांना रिंग जाते, बाकीच्यांच्या नशिबी ती बाई. डब्याला शिव्या देण्याआधी गेटाची लाइन काढून तिला एक साधा फोन जोडा आणि न लागणारा नंबर एकदा ० शिवाय, एकदा ० लावून फिरवा. दोन मिनिटांत निकाल लागेल.

० लावूनही एखादा नंबर कधी लागतो, कधी नाही, असं होत असेल तर पॅनेल, म्हणजे गेटावरचा तो डबा, घाई करतंय. डायल टोन यायच्या आतच आकडे सोडतंय आणि पहिला ० हवेत जातोय. प्रोग्रॅमिंगमध्ये डायल करण्याआधीचा थांबा असतो, तो एक-दोन सेकंदांनी वाढवा.

आता ९ चं. मोबाइलवर ९ दाबलं की 'नऊ' असा निरोप जात नाही, दोन सूर एकदम वाजतात, ८५२ आणि १४७७ हर्ट्झचे. दर आकड्याची अशी ठरलेली जोडी आहे. पॅनेल कान लावून बसलेलं असतं, ती जोडी ओळखू आली तर रिले, म्हणजे कुलपाची वीज जोडणारा-तोडणारा स्विच, ओढतं. म्हणजे सूर नीट वाजला पाहिजे आणि पॅनेलला तो ऐकू आला पाहिजे.

वाजत का नाही? मी एकदा एका काकांच्या शेजारी बसून पाहिलं. फोन कानाला, कानाला लावल्यामुळे स्क्रीन काळी, आणि काका अंदाजानं अंगठा दाबतायत. दुसऱ्या खेपेला फोन खाली घेतला, पण चालू कॉलचा कीपॅड न उघडता बाहेरच्या डायलवर जाऊन ९ टाकला. म्हणजे नवीनच फोन लावायला निघाले. घरोघरी एवढंच शिकवा : फोन कानापासून काढा, चालू कॉलमधला कीपॅड उघडा, ९ वर एक सेकंद बोट ठेवा. टिचकी मारून चालत नाही.

ऐकू का येत नाही? रस्त्यावरचे हॉर्न गेटाच्या माइकमधून त्याच लाइनवर येतात आणि सूर त्यात बुडतो. माइक थोडा कमी करा. सगळ्याच फ्लॅटना 'घूंऽऽ' असा आवाज येत असेल तर फोनची वायर आणि २३० व्होल्टची वायर एकाच पाइपातून नेली आहे. ती वेगळी केल्याशिवाय सुटका नाही.

आणि एक. रिले 'टक्' वाजतो, पण वेळ एकच सेकंद लावलेली असते. पाहुणा अजून स्पीकरला कान लावून उभा, तोवर कुलूप परत बसलेलं. वेळ पाच सेकंद करा. 'गेट उघडत नाही' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण यातच बरे होतात.

हात लावलाच आहे तर एक परीक्षा घ्या. रात्री पोरंटोरं झोपल्यावर. कमिटीतल्या एकानं गेटावरून आपल्याच घरी फोन लावावा, वरच्यानं उचलून गप्प बसावं आणि खालच्यानं दुसऱ्या मोबाइलवरचा ९ चा सूर डब्याच्या माइकपाशी वाजवावा. स्वस्तातली काही पॅनेलं आपल्याच माइकचा आवाज घरमालकाचा समजतात. तसं गेट उघडलं तर माइक कमी करून पुन्हा पाहा. तरीही उघडलं तर ते पॅनेल परत करा.

प्रश्न : आम्ही १६ फ्लॅटवाले अशी सिस्टीम नवीन बसवतोय. वॉचमन फक्त रात्री. पायी येणाऱ्यांसाठी छोटं गेट, गाड्यांसाठी मोटारीचं सरकतं. लँडलाइन घ्यावी की सिमवाली? पाण्याचा टँकर पहाटे चार-साडेचारला येतो, त्याचं काय? लाइट तर कधीही जाते. — एक सभासद, लातूर

उत्तर : टँकरपासून सुरू करू. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं हे गाव. टँकरवाल्याला बाहेर ताटकळत ठेवणारं गेट तुमच्याकडे आठवडाभरही टिकायचं नाही, कुणीतरी त्यात वीट अडकवेल.

म्हणून सिमवालं घ्या. त्याची खुबी अशी की ठरवून दिलेल्या नंबरावरून मिस्ड कॉल आला की ते न उचलताच रिले मारतं, पैसे पडत नाहीत. टँकरच्या ड्रायव्हरचा नंबर मोठ्या गेटाच्या रिलेला जोडून द्या. वेळेचं बंधन घालता येणारं मॉडेल मिळालं तर पहाटे चार ते सहा एवढंच. टँकरवाला बदलला की नंबर त्याच दिवशी उडवा. त्याला चार आकड्यांचा कोड मात्र देऊ नका. कोड क्लिनरला कळतो, क्लिनरकडून दुसऱ्या टँकरला, आणि मग तो गावाचा होतो.

सिम घेताना दुकानदाराला पहिला प्रश्न : पॅनेल टूजी की फोरजी? स्वस्त माल अजून टूजीचा येतो, आणि ज्या कंपनीचं जाळंच फोरजीपासून सुरू होतं तिचं सिम त्यात मुकं राहतं. फोरजीवर आवाजाचा कॉल करणारंच घ्या. सिम आधी मोबाइलमध्ये घालून त्याचा पिन काढून टाका. रिचार्जची तारीख खजिनदाराच्या कॅलेंडरवर मांडा. कुणी बोललं नाही तरी व्हॅलिडिटी संपते, आणि ती नेमकी लग्नाच्या तिथीला संपते असा माझा अनुभव. गेटाचा नंबर सगळ्यांनी 'गेट' म्हणून सेव्ह करावा, नाहीतर अनोळखी नंबर म्हणून निम्मे लोक उचलणारच नाहीत.

कुलपाचं नीट समजून घ्या. छोट्या गेटाला चुंबकी कुलूप लावतात, २८० किलो ओढीचं. वीज आहे तोवर धरतं, गेली की सोडतं. आग लागली तर हे बरं, पण लाइट गेल्यावर गेट सताड उघडं. स्ट्राइक नावाचा दुसरा प्रकार वीज गेल्यावर बंदच राहतो, आतून मात्र हँडलनं उघडतो. तुमच्याकडे दिवसा वॉचमन नाही, म्हणून मी स्ट्राइक म्हणेन. चुंबकीच हवं असेल तर आतल्या बाजूला बाहेर पडायचं बटण आणि शेजारी फोडायच्या काचेची हिरवी डबी, दोन्ही पाहिजेत. ती डबी कुलपाची वीज थेट तोडणारी हवी, पॅनेलला विचारून तोडणारी नको.

बॅटरी १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) येते. चुंबकी कुलूप अर्धा अँपिअर सतत खातं, पॅनेल वर थोडं, म्हणजे नव्या बॅटरीवर सात-आठ तास. दोन उन्हाळे काढलेल्या बॅटरीकडून एवढी आशा धरू नका. स्ट्राइक उघडण्यापुरताच वीज घेतो, त्याच्यावर हीच बॅटरी कितीतरी जास्त चालते.

वायरमध्ये कंजूषी करणारा ठेकेदार ओळखायचा असेल तर त्याला विचारा, कुलपापर्यंत कितीची वायर? 'हाफ एमएम' (म्हणजे अर्धा चौरस मिलिमीटर) म्हणाला तर हिशेब मांडा. पॉवर सप्लाय मीटर रूममध्ये, गेट ६० मीटरवर, म्हणजे जाऊन-येऊन १२० मीटर तांबं. अर्धा अँपिअरला त्यात दोन व्होल्टच्या वर गळतात. सप्लायवर १२, कुलपावर दहाच्या आत. चुंबक धरल्यासारखं दाखवतं आणि शाळकरी पोराच्या धक्क्यानं सुटतं. दीड एमएमची टाका, गळती पाऊण व्होल्टवर येते. कुलपाच्या दोन टोकांवर उलटा डायोड (विजेला एकाच दिशेनं जाऊ देणारा बारका भाग) लावा, १एन४००७, दुकानात रुपया-दोन रुपयांना मिळतो. तो नसला की कुलूप सुटताना उलटा झटका बसतो आणि पॅनेल 'हँग' होतं. मग लोक सॉफ्टवेअरला दोष देतात.

आपली काळी माती विसरू नका. मे महिन्यात ती हात जाईल एवढी भेगाळते, आषाढात फुगते, आणि वरवर पुरलेला पातळ पाइप सांध्यातून निखळतो. जाड पाइप, दोन फूट खोल, खाली-वर मुरूम. अर्थिंगचा खड्डाही उन्हाळ्यात कोरडाठाक पडतो. पहिल्या वळवाच्या आधी त्यात दोन बादल्या पाणी ओता आणि सप्लायच्या तोंडाला सर्ज अरेस्टर, म्हणजे विजेचा झटका गिळणारा डबा, लावा. वळवाच्या कडकडाटात एका संध्याकाळी एका गल्लीतली तीन पॅनेलं गेलेली मी बदलली आहेत.

सरकत्या गेटाच्या मोटारीला हाताने सोडवायची एक किल्ली असते. ती वॉचमनच्या खिशात आणि वॉचमन गावाला, हे चित्र मी इतक्यांदा पाहिलंय! दुसरी किल्ली अध्यक्षांच्या घरी ठेवा.

प्रोग्रॅमिंगला बसण्याआधी शंभर पानी वही घ्या. फ्लॅट, डब्यावरचा कोड, पहिला मोबाइल, दुसरा मोबाइल, भरल्याची तारीख. भाडेकरू गेला की वहीत रेघ आणि पॅनेलमधून नंबर गायब, दोन्ही एकाच दिवशी. प्रत्येक कंपनीची बटणं वेगळी, पण चाल सारखी : मास्टर कोडनं आत शिरायचं, जागा क्रमांक, नंबर, सेव्ह. दर पाच नोंदींनंतर खाली जाऊन एक फोन लावून पाहा. सगळे भरून मग चूक शोधणं म्हणजे ज्वारीच्या राशीत खडा शोधणं.

आणि मास्टर कोड बदला. हे सांगताना माझे कान लाल होतात. जालन्यातल्या एका इमारतीत मी तो १२३४ च ठेवून आलो होतो. दिवाळीच्या सुट्टीत पोरांनी तो शोधला आणि अध्यक्षांच्या कोडवर पिझ्झावाल्याचा नंबर भरला. चार दिवस अध्यक्षांकडे येणारा प्रत्येक पाहुणा गेटावरून ऑर्डर देत होता.

प्रश्न : आमच्या पॅनेलचा डिस्प्ले दुपारी काळा पडतो, संध्याकाळी आपोआप दिसू लागतो. खराब झालाय का? — परभणी

उत्तर : नाही. पॅनेल पश्चिमेला तोंड करून बसवलंय आणि उन्हानं एलसीडी तापतो. वर हातभर छज्जा करा. पत्र्याचा नको, तो आणखी तापतो. फायबर शीटचा चालेल.

प्रश्न : मी ७१ वर्षांची, सिडकोत एकटी राहते. मुलगा पुण्याला. गेटावरून कुरिअरवाले, कोण कोण फोन करतात. त्यांना ताटकळत ठेवायला नको म्हणून मी घाईनं ९ दाबून टाकते. मुलगा म्हणतो, फोन माझ्याकडे वळव. शेजारच्या म्हणतात, पुण्यात बसून इथलं गेट कसं उघडेल? — छत्रपती संभाजीनगर

उत्तर : ताई, उघडेल. पॅनेलला फक्त सूर ऐकू येतो, तो पुण्याहून आला की तुमच्या स्वयंपाकघरातून, हे त्याला कळत नाही. पण तुमच्या मोबाइलवर कॉल फॉरवर्ड लावू नका, त्यानं बहिणीचे आणि बँकेचे फोनही पुण्याला जातील. कमिटीला सांगून पॅनेलमध्येच तुमच्या कोडला दोन नंबर भरून घ्या, आधी तुमचा, मग मुलाचा. तुम्ही चार-पाच रिंगांत उचललं नाही की आपोआप त्याला लागेल. कुणी यायचं ठरलेलं नसलं की गेटाचा फोन उचलूच नका, मुलाला विचारपूस करू द्या. उचललाच आणि माणूस नको असला तर नुसता फोन ठेवा. काही न दाबता ठेवलं की गेट बंदच राहतं. त्यासाठी वेगळं बटण लागत नाही.

गेटावरच्या यादीत तुमचं नाव असेल तर काढायला लावा. एकट्या बाईचं नाव रस्त्यावर लिहून ठेवायचं कारण नाही, फ्लॅट नंबर पुरे.

एका संध्याकाळी मुलाला आधी कळवून, मोबाइल घरात ठेवून खाली जा आणि आपलाच कोड दाबा. वर तुमचा फोन वाजेल, थांबेल, मग डब्यातून मुलाचा आवाज येईल आणि कुलूप सुटेल. जाताना घराची किल्ली मात्र बरोबर घ्या. लॅचचं दार असतं. हे मी मागं एका आजींना सांगायला विसरलो होतो, आणि गेट उघडूनही त्या तासभर जिन्यातच बसल्या होत्या.