जुन्या स्प्लेंडरची टायमिंग चेन एक दाता सरकली आहे का, हे किट बदलण्याआधी कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय ते असं: १९९७ ची स्प्लेंडर, डाव्या बाजूला खडखड, चढाला दम नाही. मिस्त्री म्हणतो टायमिंग चेनचं (पिस्टनला जोडलेल्या क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवते त्या चेनचं) किट टाका, आणि तुम्हाला त्याआधी चेन खरंच सरकली आहे का ते बघायचंय. तुमच्या मिस्त्रीनं मॅग्नेटचं, म्हणजे क्रँकच्या डाव्या टोकावरच्या चुंबकी चाकाचं, कव्हर न काढता नुसत्या आवाजावरून किट सांगितलं असेल, तर त्याला नमस्कार करा आणि गाडी ढकलत का होईना घरी आणा. हे मी रागानं लिहितोय, कबूल आहे. आमच्या घरी याच आवाजापायी एक चांगला बोअर (सिलेंडरचं भोक) फुकट गेलाय.

गाडी आबांची, १९९८ ची स्प्लेंडर. एकवीस वर्षं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह असतात तो इंजिनचा भाग, उघडलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं तेव्हा ती गल्लीतच राहिली, कारण माणसं आणि गॅसची शेगडी माडीवर चढवण्यात आमचे हात गुंतले होते. पाणी ओसरल्यावर इंजिनचं ऑइल काढलं तर दुधाच्या चहासारखं. त्या आठवड्यात कोल्हापुरात प्रत्येक गॅरेजसमोर चिखलानं माखलेल्या गाड्यांची रांग होती. आमची ज्या गॅरेजात गेली तिथं तीनदा ऑइल बदललं, कार्ब्युरेटर धुतला, मॅग्नेट उघडून कॉइल वाळवली, परत बसवलं. गाडी सुरू झाली. आम्ही खूश.

दिवाळीनंतर डाव्या बाजूला टकटक सुरू झाली. थंडीत सकाळी कमी, गरम झाली की जास्त. सायलेन्सर पूर्वीपेक्षा तापायचा आणि ओढ थोडी कमी वाटायची. दुसऱ्या मिस्त्रीनं दोनदा रेस करून ऐकलं आणि म्हणाला, "टायमिंग चेन." किट टाकलं. चेन, ती ताणून धरणारा टेन्शनर, रोलर, सगळं नवं. आवाज होता तसाच राहिला, आणि गाडी आधीपेक्षा मठ्ठ झाली. खरं तर तिथंच मला शंका यायला हवी होती. नवीन किट टाकून गाडी सुधारत नसेल तर किट चुकीचं ठरतं, पण बिघडत असेल तर बसवणं चुकलेलं असतं.

माघात आईला खेट्यासाठी, म्हणजे माघातल्या रविवारच्या वारीसाठी, जोतिबाच्या डोंगरावर घेऊन निघालो. नेहमी तिसऱ्यात चढणारी गाडी दुसऱ्यातसुद्धा कण्हायला लागली. निम्म्यावर आईला उतरवलं. ती म्हणाली, "बरं झालं, खेटा चालतच घालायचा असतो." आणि निघाली पुढे.

आता दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, उद्यमनगरात त्यांची लेथची शेड आहे, जॉबवर्क करतात. दाजींच्या हाताला तोड नाही. अडचण त्यांच्या कानाची आहे. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि मग निकाल. "ह्यो बोअरचा आवाज हाय. पिस्टन मारतोय." मी म्हटलं, दाजी, आवाज डावीकडून येतोय. ते म्हणाले, "अल्युमिनियम हाय मर्दा, आवाज फिरतोय." कॉम्प्रेशनचं, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजणारं, गेज लावलं. काटा सव्वाशे पीएसआयला थांबला. "सव्वाशे म्हंजे गेलंच की बोअर!" मीही मान डोलावली. गेजचा आकडा समोर दिसल्यावर माणूस विचार करायचं सोडतो, तसं माझं झालं.

कॉम्प्रेशन कमी म्हणजे बोअर किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या, हे निम्मंच खरं आहे. कॅम उशिरा चालत असेल तर इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटतो. पिस्टन वर यायला लागलेला असतो आणि आत घेतलेल्या मिश्रणातलं थोडं परत कार्ब्युरेटरकडे ढकलतो. दाबायला उरतं कमी, काटा चढत नाही, आणि रिंगा मात्र धडधाकट असतात. फरक ओळखायला प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत किक मारतात: काटा चांगला वर गेला तर रिंगा, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह किंवा टायमिंग. फक्त आपलं इंजिन आडवं आहे, ऑइल सिलेंडरच्या खालच्या अंगालाच साचतं, त्यामुळे या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका. आम्ही तीही केली नाही.

फेब्रुवारीअखेर बोअर मारला, म्हणजे सिलेंडरचं भोक मोठं करून घेतलं. ०.२५ मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, नव्या रिंगा, व्हॉल्व्ह घासून बसवले. गेज लावलं: एकशे तीस. म्हणजे सगळ्या खर्चाचे पाच पीएसआय. दाजी म्हणाले, "रिंगा बसू देत. हजार किलोमीटर पळव." आणि मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. पळवायला रस्ता कुठे होता?

घरी बसून कंटाळल्यावर मी डावीकडची दोन्ही कव्हरं काढली, मॅग्नेटचं आणि हेडवरचं गोल. प्लग काढला. मॅग्नेट घड्याळाच्या उलट दिशेनं, म्हणजे गाडी पुढे जाते त्या दिशेनं, हळूहळू फिरवत त्यावरची 'टी'ची खूण (पिस्टन सगळ्यात वर आल्याची) केसच्या खुणेसमोर आणली. कॅम स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडच्या खाचेसमोर यायला हवी होती. ती खाचेच्या अलीकडे, बरोबर अर्धा दाता थांबली. चेन काढून एक दाता पुढे घेतली तर खूण खाचेच्या पलीकडे अर्धा दाता. काही केल्या मधोमध येईना. किट टाकणाऱ्यानं आणि बोअरवेळी हेड बसवणाऱ्यानंही यातली अलीकडची बाजू पकडून "एवढं चालतं" म्हणत झाकण लावलेलं असणार.

पण एवढं चालत नाही. चेन सरकते ती पूर्ण दात्यानं, अर्ध्या दात्यावर तिला थांबायला जागाच नाही. खूण अर्ध्यात दिसली तर चेन खूप ताणलेली असते, किंवा ज्या खुणेवर आपण विसंबलो ती 'टी'च खोटी असते. माझी चेन तीन महिन्यांची होती. राहिली 'टी'.

पिस्टन खरोखर वर कधी येतो ते खुणा न बघता शोधायचं होतं. प्लगच्या भोकात काडी घालून "आता वर आला" म्हणणं उपयोगाचं नाही. एक तर भोक तिरकं आहे, आणि वरच्या टोकाला क्रँक बराच फिरला तरी पिस्टन जवळजवळ जागेवरच असतो. त्यासाठी स्टॉप लागतो: जुन्या प्लगची चिनीमाती फोडून आत आटे पाडून बोल्ट घालायचा, टोक गोल करायचं. शेड उघडल्यावर तो मला दाजींनीच लेथवर करून दिला. कशाला पाहिजे ते मी सांगितलं नाही, त्यांनीही विचारलं नाही.

कॅम स्प्रॉकेट सोडवून बाजूला केला, म्हणजे व्हॉल्व्ह मिटलेले राहतात आणि बोल्टला धडकत नाहीत. चेन तारेनं ताणून धरायची, नाहीतर खाली क्रँकच्या दात्यांत गोळा होऊन अडकते. स्टॉप लावून मॅग्नेट हातानं, पान्यानं नाही, एका बाजूला पिस्टन टेकेपर्यंत फिरवला आणि केसच्या खुणेसमोर मॅग्नेटवर रेघ मारली. मग उलट बाजूनं टेकेपर्यंत, दुसरी रेघ. दोन रेघांमध्ये वहीचा कागद कापून गुंडाळला, दुमडला, मध्य काढला. तो मध्य म्हणजे पिस्टनचं खरं वरचं टोक. 'टी' तिथून एक सेंटिमीटरच्या वर लांब निघाली. अंशांत मोजलं तर साधारण १३.

पुलर लावून मॅग्नेट काढला. क्रँकच्या टोकावर जी अर्धचंद्राकृती चावी असते तिला मधोमध पायरी पडली होती, जवळपास निम्म्या जाडीची. नटावर छिन्नीचे घाव. पुरानंतर कोणीतरी मॅग्नेट बसवताना नट छिन्नी-हातोडीनं आवळला होता, आणि तोही अर्धवट. मॅग्नेट धरून ठेवायचं काम त्या चावीचं नाहीच. ते काम क्रँकच्या निमुळत्या टोकावरच्या घट्ट पकडीचं. चावी फक्त जागा दाखवते. नट ढिला राहिला की सगळा भार चावीवर येतो आणि ती कापली जाते. डावीकडची ती टकटक कापलेल्या चावीवर हलणाऱ्या मॅग्नेटची होती. चेनची नाही, पिस्टनचीही नाही.

मॅग्नेट क्रँकच्या मागे पडला, म्हणजे पिस्टन टोक ओलांडून गेल्यावर 'टी' खुणेसमोर यायची. ठिणगीला इशारा देणारा पल्सरही मॅग्नेटवरच्या उंचवट्यावर चालतो, म्हणून ठिणगी उशिरा. त्याच खोट्या 'टी'वर चेन बसवली आणि अलीकडची बाजू पकडली, म्हणून कॅम पूर्ण एक दाता उशिरा. २८ दात्यांचा कॅम स्प्रॉकेट धरला तर एका दात्यात क्रँक जवळजवळ २६ अंश फिरतो, हा काही थोडाथोडका फरक नाही. टायमिंग लाइट लावून बघितलं असतं तरी ठिणगी 'एफ'वर (मॅग्नेटवरच्या ठिणगीच्या खुणेवर) अचूक दिसली असती, कारण लाइटही त्याच मॅग्नेटवरची खूण बघतो.

नवी चावी, नवा नट. निमुळतं टोक व्हॉल्व्ह घासायच्या पेस्टनं हलकेच घासून स्वच्छ पुसलं, नट टॉर्क रेंचनं आवळला, चेन एक दाता पुढे. गोल खूण खाचेसमोर अशी आली की बघत बसावंसं वाटलं. गेज एकशे पासष्ट. रिंगा, पिस्टन, बोअर, एकही वस्तू न बदलता पस्तीस पीएसआय वाढले. किक पायाला लागायला लागली.

दाजी अजून म्हणतात, "बोअर केला म्हणून वढतीया." सणासुदीला जेवणाच्या पानावर हा विषय निघतोच आणि आक्का आमटी वाढून आत निघून जाते. दाजी, तुम्ही हे वाचत असाल तर: बोअर झाल्यावर काटा एकशे तीसला होता, गेज तुमच्याच हातात होतं.

तर तुमच्या गाडीचं. दोन्ही कव्हरं काढा, आणि सगळ्यात आधी मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून मागे-पुढे, वर-खाली हलवा. जरासा जरी टक लागला तर चेनचा विचार सोडा, नट आणि चावी बघा. टक नसेल तर 'टी' खुणेसमोर आणा. खूण ओलांडली तर मागे फिरवू नका, परत पूर्ण दोन फेरे घ्या, नाहीतर चेनचा सैलपणा चुकीच्या बाजूला जातो आणि वाचन खोटं येतं. गोल खूण पूर्ण एक दाता बाहेर असेल तर चेन सरकली आहे किंवा कोणीतरी चुकीची बसवली आहे. अर्धा दाता असेल तर वरचं सगळं पुन्हा वाचा. मग मॅग्नेट किंचित मागे-पुढे करून बघा, कॅम स्प्रॉकेट हलायच्या आधी मॅग्नेट किती फिरतो. तो सैलपणा म्हणजे चेन आणि टेन्शनरची खरी अवस्था, आणि किट टाकायचं की नाही हे त्यावरून ठरवा. पैसे किती लागतील हे तुमच्या गावातल्या दुकानात विचारा, मी सांगून उपयोग नाही.

थंड इंजिन सुरू झाल्यावर पहिले एक-दोन सेकंद होणारा खुळखुळाट वेगळा. या गाड्यांत टेन्शनरची दांडी खालून स्प्रिंगवर आणि ऑइलवर चालते, ऑइल भरेपर्यंत चेन वाजते. तो आवाज थांबतच नसेल तर दांडीच्या टोकाचं रबर झिजलेलं असू शकतं, आणि तेवढ्यासाठी अख्खं किट लागत नाही.

आणि हो, मी वर किटच्या विरोधात बरंच बोललोय, पण इतक्या जुन्या गाडीची चेन खरंच संपलेली असू शकते, तुमचा मिस्त्री बरोबरही असेल. खुणा दोन दाते बाहेर दिसल्या तर किक मारून बघू नका, व्हॉल्व्ह पिस्टनला लागायची भीती असते. जुन्या बुलेटवाल्यांनी आणि आरएक्स १०० वाल्यांनी हे वाचून खाली प्रश्न टाकू नयेत. जुन्या बुलेटला पुशरॉड आहेत आणि आरएक्सच्या हेडमध्ये व्हॉल्व्हच नाहीत, तुमच्याकडे टायमिंग चेनच नाही. मॅग्नेटच्या चावीचं मात्र आरएक्सलाही लागू पडतं, आणि पुरातून निघालेल्या प्रत्येक गाडीला.